उजवा गाल

किळस मला फार लवकर येते. दुसऱ्याच्या कंगव्यातले केस, पेल्याच्या काठाला चिकटलेलं कोथिंबिरीचं पान, पंगतीत वाढप्याचा आमटीत बुडालेला अंगठा, यातलं काहीही मला पुरतं. माहेरी, गुहागरला, यावरून माझी भरपूर टिंगल व्हायची. पण लग्न होऊन रत्नागिरीला आले त्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याण्णव साली, सासरच्या फोटोंच्या आल्बमनं मला जी किळस आणली तशी कशानंच आणलेली नाही.

श्रावणातली दुपार होती. सासूबाईंनी नव्या सुनेला दाखवायला म्हणून कौतुकानं कपाटातून आल्बम काढले. आमच्या दमट हवेत त्यांचं जे व्हायचं ते झालं होतं. वरचा प्लॅस्टिकचा कागद फोटोंना चिकटलेला, पानांना ओल्या गोणपाटाचा वास, आणि फोटोंवर बुरशी. कुणा आत्याच्या लग्नात आत्याचं तोंड कपाळापासून हनुवटीपर्यंत पांढरट हिरवं झालं होतं आणि शेजारचा नवरा मात्र ठणठणीत होता. सासूबाईंनी ती बुरशी पदरानं पुसली, पदर पुन्हा खोचला आणि त्याच हातानं माझ्या बशीत चिवडा घातला. "खा गो, लाजू नको," म्हणाल्या. तो चिवडा मी कसा गिळला ते माझं मला ठाऊक.

बुरशीनं जे सोडलं होतं ते बघून तर मला आणखीच वीट आला. प्रत्येक फोटोत माणसं शोकेससमोर ओळीनं उभी. हात खाली, मान ताठ, चेहरे चोरी पकडल्यासारखे. साल बदलायचं, साड्या बदलायच्या, शोकेसमधला काचेचा मासा तेवढा जागचा हलायचा नाही. या घरात कुणी जेवतं, भांडतं, झोपतं, आंबे भरतं याचा पुरावा म्हणून एक फोटो नव्हता. फक्त माझी नणंद, माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण, जरा वेगळी दिसायची. ती नेहमी ओळीच्या उजव्या टोकाला. बाकी सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत आणि ही मान वळवून सगळ्यांकडे. मला वाटलं, मुलगी मायाळू दिसते.

त्याच वर्षी माझे मोठे दीर आखाती देशातून सुट्टीवर आले आणि घराला एक रोल घालायचा कॅमेरा देऊन गेले. तो माझ्याकडे आला, कारण ह्यांनी काढलेल्या फोटोंत माणसांना डोकी नसायची. मी मात्र मन लावून काढायचे. म्हणजे आधीच्यांसारखेच, शोकेससमोर ओळीनं, फक्त डोक्यांसकट.

आमच्याकडे फोटो काढायचा म्हणजे आधी तो लपवायचा कार्यक्रम असे. घरामागे हापूसची बाग, त्यामुळे चैत्र-वैशाखात पडवीभर पेंढा, रिकाम्या पेट्या, सुतळी, चिकानं काळे पडलेले कोयते. मी कॅमेरा हातात घेतला की सासूबाई ओरडायच्या, "आधी तो पसारा काढा, लोक काय म्हणतील!" मग पेंढा कोपऱ्यात, पेट्या न्हाणीघरात. मग पावडरचा डबा फिरायचा. पावडर लावायचं मऊ फूल एकच, तेच सासऱ्यांच्या घामट मानेवरून पुतण्याच्या शेंबड्या नाकावर आणि तिथून माझ्या तोंडाशी. मी "मला नको" म्हटलं की सासूबाई म्हणायच्या, "शिकलेल्या मुलींना पावडर चालत नाही वाटतं." शेवटी सगळी पांढरी माणसं शोकेससमोर उभी राहायची आणि नणंद उजव्या टोकाला जाऊन मान वळवायची.

असं काही वेळा झाल्यावर मी तिला विचारलं. तिला मी मुद्दाम "वन्सं" म्हणायचे, ती चिडायची म्हणून. "वन्सं, आमच्याकडे काय बघत बसता? जरा कॅमेऱ्याकडे बघा की." तिनं उजव्या गालावर बोट ठेवलं.

तिथे डाग होता. चिंचोक्याएवढा, काळपट, कडेला जरा सुरकुतलेला. आंब्याचा चीक. कैरीचा देठ मोडला की जो चीक उडतो तो कातडी जाळतो, आणि बागेतल्या निम्म्या माणसांच्या हातांवर त्याच्या खुणा असतात. हिच्या गालावर होती एवढंच. रोज समोरासमोर जेवायला बसून मला तो डाग डाग म्हणून कधी दिसला नव्हता. पण घरात तो नाही असं ठरलेलं होतं. कधी उडाला, कसा उडाला, कुणी बोलायचं नाही. विचारलं तर "लहानपणी उडाला" एवढंच उत्तर, आणि सासूबाई उठून आत जायच्या. नणंद लहान असल्यापासून फोटोच्या वेळी तिची हनुवटी धरून मान वळवायच्या, असं तीच म्हणाली. पुढे हाताची गरज उरली नाही. मान आपोआप वळायला लागली.

मला सासूबाईंचा मनस्वी राग आला. पोटच्या मुलीचा गाल लपवणारी आई म्हणजे कमालच, असं मी ह्यांच्याजवळ बोललेही. हे म्हणाले, "तू त्यात पडू नकोस."

त्यातच नणंदेसाठी स्थळं बघायला सुरुवात झाली. स्थळांना फोटो पाठवायचा, म्हणून तिला बाजारातल्या एका स्टुडिओत नेलं. मी बरोबर होते. मागे रंगवलेला धबधबा, पुढे प्लॅस्टिकच्या गुलाबांची कुंडी, कुंडीत कुणीतरी विझवलेली विडी. फोटोवाल्यानं तिला स्टुलावर बसवली आणि दोन बोटांनी हनुवटी धरून वळवली. फोटो हातात आला तेव्हा त्यानं ब्रशनं आणखी काम केलं होतं. रंग उजळलेला, भुवया कोरलेल्या, गालाचा जो थोडासा भाग दिसत होता तो तुळतुळीत. सासूबाई खूश. नणंद फोटोकडे बघून म्हणाली, "मुलगी छान आहे. कुणाची आहे?"

दापोलीहून एक स्थळ बघायला आलं. मुलगा, आई-वडील आणि एक मामा. हा मामा मी जन्मात विसरणार नाही. पोह्यांवरचं ओलं खोबरं त्याच्या मिशीत अडकलेलं, बोटं तेलकट. नणंद समोर येऊन बसली. मामानं एक घास घेतला, तिच्याकडे बघितलं, शबनममधून तो फोटो काढला आणि हात लांब करून तिच्या तोंडाशेजारी धरला. कापडाच्या दुकानात तुकडा लावून बघतात तसा. मग चावता चावताच म्हणाला, "हे फोटोत नाही दिसत."

सासऱ्यांनी चहाचं विचारलं. मामानं पोहे संपवले, आणखी मागून घेतले आणि जाताना फोटो परत केला. त्यावर, बरोबर तिच्या तोंडावर, हळदीच्या तेलाचा अंगठा उमटला होता. तो फोटो मी चिमट्यानं धरून चुलीत टाकला. मला त्या माणसाची किळस आली, फोटोवाल्याची आली, पोहे केलेल्या माझ्या हातांचीही आली.

नणंद मागच्या दोणीवर, पाण्याच्या दगडी कुंडावर, तोंड धूत होती. पावडर केव्हाच गेली होती, तरी धूतच होती. मला म्हणाली, "वहिनी, ते नाही म्हणाले त्याचं काही नाही गो. पण मला एक सांग, माझा समोरून एकसुद्धा फोटो नाही. एकसुद्धा! उद्या म्हातारी झाल्ये तर मी तरुणपणी कशी होत्ये ते मलाच ठाऊक नसणार. मला एकदा समोरून बघायचंय." मी म्हटलं, "हात्तिच्या, एवढंच ना? मी काढते."

एवढंच नव्हतं. मी कॅमेरा उचलला की तिची मान वळायची. तिची इच्छा असायची, ती हसून तयार राहायची, आणि माझं बोट बटणाकडे गेलं की मान फिरायची. "थांब, पुन्हा काढ," म्हणायची. पुन्हा तेच. एकदा तिनं स्वतःच्या दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरून ठेवलं. तो फोटो अजून आहे, दाढ दुखत असल्यासारखा.

मग माझ्या लक्षात यायला लागलं की चूक तिच्या मानेत नाही, माझ्या बोलावण्यात आहे. "चला, फोटो काढू या" म्हटलं की या घरातलं माणूस घर सोडून कुठेतरी जातं, आणि जे उरतं ते शोकेससमोर उभं राहतं. तेव्हा मी बोलावणं बंद केलं. कॅमेरा गळ्यात अडकवून भाजी चिरायला लागले, निवडणं-टिपणं करायला लागले. पहिले काही दिवस सगळे बिचकले. सासरे मला बघून शर्टाची बटणं लावायचे. मग कंटाळले. कॅमेरा माझ्या मंगळसूत्रासारखा झाला, आहे तर आहे.

बघत बसायला लागले तेव्हा कुठे दिसायला लागलं. सासरे पेटी बांधताना सुतळी दातात धरतात आणि तेव्हाच फक्त त्यांचा चेहरा सैल असतो. पडवीत सकाळी ऊन तिरकं येतं तेव्हा फ्लॅश लागत नाही. फ्लॅशनं माणूस उकडलेल्या बटाट्यासारखं दिसतं. उभ्यानं काढला तर बसलेल्या माणसाचा भांग येतो, चेहरा नाही, म्हणून मीही पेंढ्यात बसायला लागले. सासूबाई आढीत, म्हणजे आंबे पिकायला घालतात त्या पेंढ्याच्या थरात, हात घालून न बघता पिकलेला आंबा बाहेर काढायच्या. तो हात मी टिपला तेव्हा त्या भडकल्या. "कामाचे कसले मेले फोटो! नखं बघ माझी. उद्या न्हाणीघरात येशील कॅमेरा घेऊन!" आठवडाभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

आणि पावसाळ्यात त्यांनी त्या कॅमेऱ्याचं भलं करायचं ठरवलं. आमच्याकडे मौल्यवान वस्तूला ओल लागू नये म्हणून ती तांदळात घालून ठेवतात. हिंगाची डबी, औषधाच्या पुड्या, कुणाचं घड्याळ, सगळं तांदळाच्या पिंपात. मी माहेरी गेलेली असताना त्यांनी कॅमेराही त्यात पुरला. पिशवीबिशवी काही नाही, तसाच नागवा. गणपतीच्या आधी मी हात घालून तो बाहेर काढला तेव्हा त्याच्या सांध्यासांध्यांतून कोंडा गळत होता आणि भिंगाच्या कडेनं एक टोका निवांत चालला होता. तांदळातले किडे मी बघू शकत नाही. मी तो तसाच खाली टाकला आणि हात साबणानं धूत बसले. सासूबाई म्हणाल्या, "एवढं काय झालं? तांदूळच आहेत, विष नाही."

वरवर पुसून त्यात रोल घातला. रोल काही लवकर संपायचा नाही; एकाच रोलात गणपती, दिवाळी, कुणाची मुंज असं सगळं साठत जायचं. तो संपला तेव्हा आंब्याचे दिवस आले होते. तो धुवायला देऊन मी कॅमेरा उघडला आणि जुन्या टूथब्रशनं आतून घासून काढला. आत जे होतं त्याचं वर्णन करत नाही. मग नवा रोल घातला.

धुतलेले फोटो आले त्या सकाळी सगळे पडवीत पेट्या भरत होते. नणंदेनं पेंढ्याचे हात पुसले आणि पाकीट उघडलं. कोंड्याचा कण न् कण फिल्मवर बसला होता. गणपतीसमोर ओळीनं उभ्या सगळ्या घरादाराच्या तोंडांवर काळे डाग. सासऱ्यांच्या नाकावर एक, ह्यांच्या दोन्ही गालांवर, सुट्टीवर आलेल्या दिरांच्या तर कपाळाला देवी आल्यासारखं झालेलं. गणपतीच्या सोंडेवरसुद्धा. फक्त उजव्या टोकाला मान वळवून उभ्या असलेल्या नणंदेचा चेहरा स्वच्छ.

ती आधी फोटोकडे बघत राहिली. मग जी हसत सुटली! पेटीवर हात आपटून, तोंड उघडं टाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "वहिनी, अगो सगळ्यांना उडाला! सगळ्यांना चीक उडाला!" आणि फोटो दाखवायला ती माझ्याकडे वळली, पूर्ण, समोरून. कॅमेरा माझ्या गळ्यातच होता. मी पेंढ्यात तिच्या उंचीला बसले होते, ऊन तिरकं होतं, आणि तिला मान वळवायची आठवण झाली नाही.

तो फोटो आला. मागे पेट्या, केसांत पेंढा, दात दिसतायत, आणि गालावर डाग, जिथे असायचा तिथेच. नणंदेनं तो पुष्कळ वेळ बघितला. म्हणाली, "बरी आहे की मी." सासूबाईंच्या हातात दिला तेव्हा त्यांनी एकदा बघितला, मांडीवर पालथा घातला आणि म्हणाल्या, "फाडू नको. पण हा कुणाला दाखवूही नको." आणि उठून आत गेल्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आता या बाईला काय म्हणावं!

नणंदेनं मात्र ठरवलं, स्थळांना जाईल तर हाच. त्यानंतर बरेच महिने कुणी बघायलाच आलं नाही. मला त्याचं दुःख झालं नाही, मामा तरी चुकले. पुढे माझ्या माहेरच्या बाजूचा एक शाळामास्तर आला. त्यानं डागाबद्दल अवाक्षर काढलं नाही, फोटोतल्या पेट्यांबद्दल विचारलं. "पेंढा भाताचाच वापरता, की गवत?" हा कसला माणूस, म्हणून मी त्याच्याकडेही नाक मुरडून बघितलं. नणंद त्याला पेंढ्यातलं भलंबुरं सांगत बसली आणि चहा गार झाला. दोघांचं जमलं.

लग्न दोन हजार चार साली झालं. तोवर गावात कंप्युटरवर आल्बम करणारे आले होते. लग्नात मी घरची वहिनी, कॅमेरा धरायला मला फुरसत कुठली? सासूबाईंनी फोटोवाला ठरवला. त्यानं दिवसभर तिची हनुवटी धरायचा प्रयत्न केला आणि दिवसभर तिनं त्याचा हात बाजूला केला. ती समोर बघत होती. मी हे माझ्या डोळ्यांनी बघितलं, आणि मंगलाष्टकांत मला रडू आलं ते त्यासाठी.

आल्बम आला तो पाटाएवढा जाड. नणंद पहिल्यांदा माहेरपणाला आली होती. आम्ही तिघी पडवीत बसलो आणि तिनं पान उलटलं. नवराबायको काचेच्या पेल्यात उभे. पुढच्या पानावर बर्फाच्या डोंगरात, मुंडावळ्यांसकट. त्यापुढे एका बदामात, भोवती कबुतरं. मग तिचा मोठा फोटो आला, पानभर, समोरून, थेट बघणारा. आणि गाल कोरा. तिनं पुढचं पान उलटलं. कोरा. त्यापुढचं. त्या माणसानं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तिचा गाल पुसून काढला होता, सप्तपदीत, सूनमुखात, जेवताना घास घेतानासुद्धा. आल्बमबरोबर त्याची चिठ्ठी होती, की ही सफाई आमच्याकडून भेट. एखाद्याच्या अंगावरून हात फिरवावा आणि वर उपकार केल्यासारखं हसावं, तसं वाटलं मला. शी.

नणंद उठली, पेट्यांवर पत्ते घालायचा काळा मार्कर खुंटीवरच्या पिशवीतून घेऊन आली, आणि पहिल्या पानावर, काचेच्या पेल्यातल्या स्वतःच्या उजव्या गालावर तिनं ठिपका दिला. मग बर्फात. मग बदामात. सासूबाई माझ्या पलीकडे बसून बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं. म्हटलं, आता ओरडतील, लोक काय म्हणतील ते सांगतील. माझंही उत्तर तयार होतं, इतक्या वर्षांचं साठलेलं.

त्या पुढे वाकल्या. "अगो, तिथे नाही," म्हणाल्या. "तू फार खाली देत्येस. वर, डोळ्याच्या खाली, नाकाकडे जरासा."

नणंदेचा हात थांबला.

"तू मांडीवर होतीस," सासूबाई म्हणाल्या. "लोणच्याच्या कैऱ्या होत्या. देठ मीच मोडला. तुला खाली ठेवायला हवी होती, नाही ठेवली. इथून उडाला तो असा आला, आणि तू रडलीससुद्धा नाहीस, माझ्याकडे बघत राहिलीस." त्यांनी आपल्या हातानं हवेत तेवढं अंतर दाखवलं.

मी जे उत्तर तयार ठेवलं होतं त्याचं काय करायचं ते मला कळेना.

"मग एवढ्या वर्षांत कधी सांगितलं का नाहीस?" नणंदेनं विचारलं.

"सांगायचं काय त्यात? रोज दिसत होतं की," सासूबाई म्हणाल्या, आणि तिच्या हातातला मार्कर काढून घेऊन त्यांनी पुढचं पान उलटलं.